माझ्या नावावर कुणाला बाहेर काढू नका
मंडळीच्या पंच कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच कमिटीचे सभासद आणि माझ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात उपासना सुटली, बाहेर पाऊस होता म्हणून दाराशी छत्री उघडत थांबले, आणि बोर्डावरची नोटीस दिसली. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत टाइप केलेली. मंडळीतल्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सभासदाचे नाव यादीतून कमी केल्याचा ठराव. पहिले कारण, उपासनेत गोंधळ घातला. दुसरे कारण वाचल्यावर मला छत्री मिटून भिंतीला टेकावे लागले. त्या इसमाने मंडळीतल्या कुटुंबांना, विशेषतः आपल्या भावजयीच्या कुटुंबाला, दीर्घकाळ त्रास दिला आहे, असे लिहिले होते.

ती भावजय मी आहे. मला कुणीही विचारले नव्हते.

मी कमिटीला लेखी पत्र दिले. तीन रविवार थांबले. उत्तर तोंडी मिळाले, तेही पायरीवर उभ्या उभ्या: "बाई, तुमच्याच भल्यासाठी केलं की." म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. मंडळीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. कुणाची बदनामी करायची नाही, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुसऱ्या मंडळ्यांतही असे घडत असेल तर त्यांनीही हे वाचावे असे वाटते.

भाऊजी कसे आहेत ते मला माहीत आहे. तुमच्या कमिटीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या मालकांचे ते थोरले चुलत भाऊ. खानापूरकडच्या आमच्या गावात दोन घरांच्या मध्ये साडेतीन फुटांची बोळ आहे आणि तिच्या टोकाला आमच्या सासऱ्यांनी लावलेला फणस होता. त्या बोळावरून भाऊजींनी आमच्यावर दावा लावला. अकरा वर्षे चालला. शाळेतून रजा टाकायची, बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर बसने खानापूर गाठायचे, कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. मधल्या काळात एका रात्री फणस तोडला गेला. माझ्या मालकांना छातीत कळ आली त्या दिवशीही तारीख होती. मी कोर्टात होते आणि ते घरी एकटे होते. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा तो ऐकायला ते नव्हते.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी प्रभूची प्रार्थना पूर्ण म्हणू शकत नव्हते. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आले की गप्प व्हायचे, आणि पुढच्या ओळीला पुन्हा आवाज लावायचे. शेजारी बसणाऱ्यांना वाटायचे, बाईंना खोकला आला. हे आजवर कुणाला सांगितलेले नाही.

मग भाऊजींची बायको गेली, मुले पुण्याकडे, आणि एका पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. इथल्या दवाखान्यात ते एकटेच पडून आहेत असे गावातल्या एका बाईने फोनवर सांगितले. मी प्रेमाने गेले नाही. खोटे कशाला सांगू? कुणीतरी जायला हवे आणि मी जवळ राहते, एवढ्याच हिशेबाने डबा भरला. वॉर्डात शिरले तर म्हणाले, "मेलो काय बघायला आलीस?" मी डबा स्टुलावर ठेवला. पेज होती आणि मेथीची भाजी. खाल्ली आणि म्हणाले, मीठ जास्त आहे. दुसऱ्या दिवशी मीठ कमी घातले तर म्हणाले, अळणी आहे. रोज काहीतरी. नर्सशी भांडण, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी भांडण, पंख्यावरून भांडण. आठ-दहा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी पेज संपवून त्यांनी डब्याचे झाकण हाताने चाचपत लावले, ते वाकडे बसले, पुन्हा काढून लावले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यालापण मीठ कमीच लागायचं." एवढेच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ही माफी नव्हती. त्यांनी माझी माफी मागितलेली नाही, आजपर्यंत नाही. पण त्या रविवारी मी प्रार्थनेची ती ओळ म्हटली. ती म्हणायला मला किती वर्षे लागली हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तुमच्या ठरावातले ते एक वाक्य मला सहन होत नाही. जे मी सोडले, ते तुम्ही माझ्या नावाने पुन्हा वसुलीला लावले आहे.

माझी पहिली तक्रार हीच आहे. माझे दुःख मला न विचारता तुमच्या फाइलला पुरावा म्हणून जोडायचा अधिकार कमिटीला नाही. मी क्षमा केली नसती तरीही तो नसता. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे ज्याचे दुखले त्याने देवासमोर ठरवायचे असते. तिथे दुसऱ्याची सही चालत नाही.

दुसरी तक्रार तुम्ही दिलेल्या शास्त्राधाराबद्दल. ठरावाखाली मत्तयाचा अठरावा अध्याय दिला आहे: बंधू ऐकत नसेल तर तो तुला परका आणि जकातदार यांच्यासारखा होवो. मी चौतीस वर्षे मराठी शाळेत शिकवले, मुलांना नेहमी सांगत आले की धडा मधूनच एक ओळ उचलून वाचायचा नाही. तो अध्याय पूर्ण वाचू या. आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे, नव्याण्णव सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाची. मग पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम तू एकटा जा आणि दोघेच असताना त्याची चूक त्याला दाखव. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. आता मला सांगा, पहिल्या पायरीला भाऊजींच्या घरी कोण गेले होते? दुसऱ्या पायरीला कोण दोघे गेले होते? मी त्यांच्या खोलीवर आठवड्यातून दोनदा जाते. त्यांच्या दारात कमिटीचे कुणी आलेले नाही. तुम्ही थेट बोर्डावर गेलात.

आणि शेवटची पायरी गाठलीच, तरी येशूने जकातदारांशी कसे वागायचे ते करून दाखवले आहे. जक्कय नावाच्या जकातदाराला झाडावरून खाली बोलावले आणि त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. हा अध्याय ज्याच्या नावाच्या शुभवर्तमानात आहे तो मत्तय स्वतःच जकातनाक्यावर बसणारा माणूस होता. त्याच्या हातच्या ओळीने आपण म्हाताऱ्या माणसाला गेटबाहेर ठेवतो आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे लगेच पेत्राचा प्रश्न येतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि मग ती दोन कर्जदारांची गोष्ट. तिच्यातली एक गोष्ट आपल्या प्रवचनांत नेहमी निसटते. एका चाकराचे राजाला दहा हजार तलांत देणे होते, ते माफ झाले; त्याने मात्र शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. आपण म्हणतो, बघा, किती क्षुल्लक रकमेसाठी! ती क्षुल्लक नव्हती. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा पगार. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. रोजगार हमीत गावच्या कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांचे काम धरलेले असायचे. तेवढी ती रक्कम. गरीब माणसाचे शंभर दिवस बुडाले तर घर मोडते. येशू असे म्हणत नाही की तुझे नुकसान झालेच नाही. शंभर दिनार बुडाले हे तो मान्य करतो आणि मग सोडायला सांगतो. तलांत मात्र जवळजवळ सहा हजार दिनारांचा, आणि तसे दहा हजार. आयुष्यभर राबून फिटणार नाही असे ते देणे, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाचे माफ झालेले आहे, भाऊजींचेही, पंचांचेही, माझेही.

मला "विसरा, जाऊ द्या" असे सांगणारे लोक म्हणूनच आवडत नाहीत. फणस तोडला तो परत उभा राहिला नाही. कोर्टाचा निकाल मी सोडलेला नाही, बोळ आमच्याच उताऱ्यावर आहे आणि राहील. तरी त्यांचा डबा मीच नेते. या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी करता येतात.

आता तिसरी गोष्ट, आणि ही लिहिताना मला जपून लिहायला हवे, कारण हे बेळगाव आहे. भाऊजींनी उपासनेत गोंधळ घातला तो कशावरून, हे सगळ्यांना माहीत आहे. मराठी उपासना महिन्यातून दोनच रविवारी ठेवायचे ठरले आणि बाकीच्या रविवारी एकत्र कन्नड उपासना. भाऊजी उठून उभे राहिले आणि दाराशी गायनपुस्तके देणाऱ्या आपल्या कन्नड बंधूला भाषेवरून, जातीवरून घाणेरडे बोलले. मुलांसमोर बोलले. ते चूक होते. पूर्ण चूक होते. त्यानंतर काही मराठी सभासद मला भेटून म्हणाले, बरं झालं, कुणीतरी बोललं. त्यांनाही मी हेच सांगते की मराठीचा अभिमान दाखवायला दुसऱ्याच्या आईवरून बोलावे लागत नाही. माझ्या पत्राचा आधार घेऊन कुणी भाषेचे भांडण पेटवू पाहत असेल तर त्याने हे पत्र इथेच खाली ठेवावे.

1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून आपण हे बघत आलो. 1 नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या गल्लीत मराठी लोकांच्या निषेधाच्या काळ्या फिती. 2004 पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अकरा वर्षांच्या दाव्याने एका घराचे काय होते ते मी पाहिले आहे. इथे तर दोन भाषांच्या लोकांची तिसरी पिढी त्या दाव्यात वाढते आहे. अशा गावात दोन्ही भाषांची माणसे एका बाकावर बसून एकाच भाकरीचा तुकडा घेतात अशा जागा किती उरल्या? आपली मंडळी त्यातली एक आहे. एकत्र उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू होते तेव्हा डावीकडून "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" आणि उजवीकडून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" असा आवाज एकदम उठतो. आम्ही मराठीत "ऋण" म्हणतो, ते कन्नडमध्ये "तप्पु" म्हणतात, चूक. माझ्या मनात नेहमी येते की दोन्ही शब्द एकत्र घेतले तरच अर्थ पुरा होतो: चूक झाली म्हणून देणे लागले.

मराठी उपासनेबद्दल माझेही म्हणणे आहे, ते वेगळ्या अर्जात दिले आहे. घरात म्हाताऱ्यांना फक्त मराठीच येते, त्यांना वचन कळले पाहिजे. हा प्रश्न बोलून सुटेल. पण भाऊजींना काढल्याने झाले काय, तर मराठी लोकांना वाटते कन्नडवाल्यांनी काढले, आणि कन्नड लोकांना वाटते मराठीवाले त्याला पाठीशी घालतात. ज्या बंधूला शिव्या खाव्या लागल्या, त्यांच्या घरच्या अक्कांना मी भेटले. त्यांची परवानगी घेऊन लिहिते. त्या म्हणाल्या, मन फार दुखलंय, अजून त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. पण पावसात गेटबाहेर बसलेला म्हाताराही बघवत नाही. त्या घरालाही ठरावाआधी कुणी विचारलेले नाही. म्हणजे ज्या दोन घरांच्या नावाने ही शिक्षा झाली, त्या दोन्ही घरांना ती नोटीस वाचूनच कळली.

चौथी गोष्ट थोडक्यात, पण मला ती सर्वांत जास्त टोचते. आपल्या मंडळीतली एक मुलगी मार खाऊन माहेरी आली होती. तिला पंचांनी समोर बसवून सांगितले, ख्रिस्ती बाईने क्षमा करायची असते, जा परत. नवरा वजनदार घरातला. ती गेली, आणि पुन्हा मार खाऊन आली. तिथे क्षमा इतकी स्वस्त होती की तिने मागितली नसताना तिच्या पदरात टाकली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतो, हे तिला एकाही पंचाने सांगितले नाही. इथे मी क्षमा केलेली असतानाही ती चालत नाही. असे कसे?

पाळकसाहेब, तुम्ही प्रवचनात ग्लॅडिस स्टेन्सबाईंचे उदाहरण अनेकदा देता. 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला त्यांचे मिशनरी पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे गाडीत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण खटला कायद्याच्या वाटेने चालला, 2003 साली शिक्षा झाली, 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमा त्या बाईंची होती, शिक्षा कोर्टाची. दोन्हींची गल्लत झाली नाही. इंदूरजवळ 1995 साली सिस्टर राणी मारिया या ननचा बसमधून ओढून खून झाला. त्यांची सख्खी बहीण पुढे तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. स्वतः गेली, स्वतः बांधली. ती राखी कुठल्या कमिटीच्या ठरावाने बांधली गेली नव्हती.

आणि मंडळीने शिक्षा करूच नये असेही मी म्हणत नाही. करिंथच्या मंडळीने एकाला शिक्षा केली तेव्हा पौलाने त्यांना लिहिले, झाली तेवढी पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. भाऊजी बुडत आहेत. दर रविवारी वॉकर घेऊन रिक्षाने येतात. वॉचमनला आत सोडायची बंदी आहे, म्हणून समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसतात. भजन सुरू झाले की टोपी काढतात, आशीर्वाद झाला की घालतात आणि परत जातात. मी मागच्या रविवारी खिडकीतून पाहिले. आणि परवा मला विचारत होते, "मला तुमच्यात पुरतील ना गं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारले. सभासद यादीत नाव नसेल तर आपल्या दफनभूमीत जागा मिळत नाही हे त्यांना माहीत आहे. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ लिहिते.

त्या ठरावातून माझ्या कुटुंबाचा उल्लेख लगेच काढावा आणि काढल्याचे त्याच बोर्डावर, दोन्ही भाषांत लावावे.

भाऊजींचे नाव यादीत परत घ्यावे. गोंधळाबद्दल काही काळ शिस्त लावायची असेल तर लावा, किती काळ ते लिहून द्या, पण त्या काळातही त्यांना उपासनेला बसू द्यावे. आजारी सभासदाला घरी प्रभुभोजन नेतात तसे त्यांनाही न्यावे. दफनभूमीत त्यांना जागा मिळेल असे लेखी द्यावे, म्हणजे मला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

येत्या आठवड्यात दोघांनी त्यांच्या घरी जावे, एक मराठी आणि एक कन्नड. ते शिव्या देतील. तरी बसावे. त्यांच्या तोंडावर त्यांची चूक सांगावी, की त्या बंधूची माफी मागितली पाहिजे. मी बरोबर येईन आणि मीही सांगेन. त्यांनी माफी मागितली, तर क्षमा करायची की नाही हे त्या घराने ठरवावे. त्या घरावर कुणी दडपण आणू नये, मीसुद्धा आणणार नाही.

आणि त्या मुलीला कमिटीने भेटून सांगावे की तुला परत जा म्हटले ते आमचे चुकले.

एवढेच. उत्तर लेखी द्यावे, पायरीवर नको.

तोपर्यंत माझे रविवारचे ठिकाण टपरीसमोरचा तो बाक राहील. भाऊजींना सांगितलेले नाही, सांगितले तर ओरडतील. उपासना आठला सुरू होते. मी साडेसातला येईन, गायनपुस्तक दोघांत एक घेऊन.

आपली बहीण,
मंडळीची एक सभासद, निवृत्त शिक्षिका
बेळगाव